सोन्याच्या आधीची गिरणी

शनिवार, रात्र

मुलीला चौथीत कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, म्हणून आज आम्ही तिथल्या कोलोमा या गावाला गेलो होतो. तिथे 1848 साली सोनं सापडलं, सगळे ती जागा पाहायला येतात. मी मात्र लाकडापाशीच रेंगाळलो.

अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेकाठी जॉन सटर या जमीनदाराने 1847 साली ही पाण्यावरची लाकूड कापायची गिरणी उभारायला घेतली. पैसा त्याचा, काम जेम्स मार्शल या सुताराचं. आता आहे ती प्रतिकृती, मूळ जागेपासून बाजूला. पण आत शिरलं की यंत्र उलगडतं. हाताने तासलेल्या तुळया, खाचेत खुंटी ठोकून जोडलेल्या. चाक फिरलं की चौकटीतली उभी करवत खाली-वर व्हायची आणि ओंडका तिच्याकडे सरकत जायचा. आपल्याकडे एक जण वर, एक जण खाली उभा राहून ओंडका चिरायचे, तेच काम इथे नदी करायची.

अडलं ते चाकाखालचं पाणी परत नदीत नेणाऱ्या चरापाशी. चर उथळ, त्यामुळे पाणी तुंबायचं आणि चाक धड फिरेना. मग दिवसा चर खणायचा, रात्री त्यात पाणी सोडून माती वाहून न्यायची. म्हणजे सोन्याची वाळू रोज रात्री आपोआप धुतली जात होती! 24 जानेवारी 1848 ला सकाळी मार्शलला त्याच चरात पिवळे कण दिसले. ही तारीख नक्की ठरली ती हेन्री बिगलर या कामगाराच्या रोजनिशीवरून. तिथून नऊ दिवसांनी मेक्सिकोने करारात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकलं, या सोन्याची गंधवार्ता नसताना.

जवळच एका खडकावर निसेनान या इथल्या मूळ रहिवाशांचे ओकची फळं कुटायचे खळगे आहेत. एवढ्या कठीण दगडात इतके खोल! गिरणीच्या कामावरही त्यांची माणसं होती. पुढे सोनं शोधणाऱ्यांचा लोंढा आला आणि त्यांचं खोरं गेलं. रोगांनी आणि हत्यांनी माणसंही गेली. मुलीला हे सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

मला सर्वांत भावलं ते कामगारांचं वागणं. सोनं दिसल्यावरही त्यांनी काम टाकलं नाही. सोनं शोधायचं ते रविवारी, फावल्या वेळात, एरवी गिरणी. मार्चमध्ये ती सुरू झाली, फळ्या निघू लागल्या. काही वर्षांतच ती ओस पडली आणि लोकांनी तिचीच लाकडं काढून नेली.