तयार मिळतात की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर गेली अठरा वर्षं मी या प्रश्नावर हसून वेळ मारून नेत आलेय.

प्रश्न ठरलेला असतो. पाहुणा माझ्या प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्यांच्या कपाटापुढे थांबतो, वाकतो, काचेला जवळजवळ नाक लावतो, "बापरे, हे सगळं हाताने?" म्हणतो आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण असल्या गाड्या तयार मिळतात की! मग एवढा खटाटोप कशाला?" त्याच्या आगेमागे आणखी दोन प्रश्न असतात, ते आधीच निकालात काढते. चालते का? नाही. मिस्टरांचा छंद वाटतं? नाही. मिस्टरांना त्या कपाटाची धूळ पुसायचीसुद्धा परवानगी नाही.

मूळ प्रश्नाला माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. "बनवण्यातच मजा आहे हो, वस्तूचं काय एवढं!" फार सोयीचं उत्तर. समोरचा मान डोलावतो, मी त्याला जरा विरक्त वगैरे वाटते आणि विषय संपतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला ते खरंही वाटायचं.

पण आधी थोडं भांडून घेते, कारण "तयार मिळतात" हे लोक मला बातमी दिल्यासारखं सांगतात. अहो, तयारच आधी आल्या. अमेरिकेतली एएमटी ही कंपनी १९४८ साली निघाली ती किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, विकायला नव्हे. मोटारविक्रेत्यांच्या दुकानात मांडायला, गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात ठेवायला ती तयार छोट्या गाड्या पुरवायची. नावातला 'ए' ॲल्युमिनियमचा. प्लॅस्टिक मागून आलं. तशाच गाड्या सुट्या करून खोक्यात भरायला सुरुवात झाली १९५८ मध्ये. एका खोक्यातून गाडी तीन तऱ्हांनी बांधता यायची, कारखान्यातून निघते तशी, नटवलेली किंवा शर्यतीची. म्हणजे तयार गाडी समोर दिसत असताना माणसांनी सुटी मागून घेतली. आता त्यांना विचारा कशाला ते.

आणि मापांचं म्हणाल, तर खऱ्या मोटारीच्या दाराभोवती समजा ४ मिलिमीटरची फट असते. १/२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्यात, ती होते ०.१७ मिलिमीटर. पत्र्यावरचा रंग धरा ०.१२ मिलिमीटर, त्याच हिशोबाने माझा थर ५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००५ मिलिमीटरचा हवा. इतका पातळ थर माझ्या एअरब्रशने, म्हणजे रंग फवारायच्या पेनाने, चढत नाही. खाली प्रायमर, मग रंग, वरून क्लिअरचा पारदर्शक थर, एवढं झालं की दाराची फट बुजते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. म्हणून रंगाच्या आधी सुरीच्या पाठीने, हात न थरथरवता, ती फट खोल करून घ्यायची. एक दार, मग दुसरं. एकदा जरी सुरी घसरली तरी पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पहिल्यापासून. या विषयावर मी दोन तास बोलू शकते. यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आलेलं नाही, हे मलाही कळतंय.

वेडेपणा आहे, मान्य. पण तो काही गिऱ्हाइकांपुरताच नाही. जपानच्या टामिया या किट कंपनीने १९७६ मध्ये १/१२ मापात पोर्शे ९३४, म्हणजे ९११चंच शर्यतीचं रूप, काढली, तेव्हा माप चुकू नये म्हणून एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी करून पाहिली होती. त्या गाडीला बघून कोणी "चालते का?" विचारलं असेल, तर उत्तर देणाऱ्याची मला फार दया येते.

आता कबुली. तयार मिळणाऱ्या आजच्या गाड्या माझ्या गाड्यांपेक्षा सरस असतात. रंग आरशासारखा, काचेच्या कडेची चंदेरी पट्टी केसभरही वाकडी नाही. माझ्या रंगाला जवळून पाहिलं तर अजून संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो, आणि दमट हवेत घाई करून मारलेला लॅकर पांढुरका पडलेला असतो. दुसरी कबुली म्हणजे माळ्यावर ३१ खोकी न उघडता पडली आहेत. "बनवण्यात मजा आहे ना, मग ही बनवत का नाहीस?" असं आमच्याकडे एकदा अगदी शांतपणे विचारलं गेलं होतं. मी विषय बदलला.

आता ट्रकबद्दल. खरं तर याच्याचसाठी लिहायला बसले.

लांब बॉनेटचा अमेरिकन ट्रक, १/२५ मापाचा, तीन एक्सेल, दहा टायर. किट जुनं होतं, माझ्याकडे आलं तेव्हाच खोक्याचे कोपरे फाटलेले. मोटारीत पुष्कळ काही झाकून जातं. ट्रकच्या केबिनमागे सगळं उघडं असतं. चासी, स्प्रिंगचे पाटे, हवेच्या टाक्या, डिझेलच्या टाक्या, नळ्या. चासीच्या दोन लांब पट्ट्या जराशा पिळलेल्याच होत्या. त्या जाड काचेवर ठेवून, वजनं लावून दोन दिवस सुकवल्या. कारण दहाच्या दहा चाकं जमिनीला टेकली पाहिजेत. एक जरी अधांतरी राहिलं तर तो ट्रक वाटत नाही, खेळणं वाटतं. तपासायची पद्धत सोपी. काचेवर उभा करायचा आणि कागदाची पट्टी एकेका टायरखाली घालून बघायची. सरकली की चुकलं. चौथ्या खेपेला एकाही टायरखालून पट्टी गेली नाही, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं. हवेच्या नळ्या मी तांब्याच्या बारीक तारेच्या केल्या. त्या गाडीच्या पोटाखालून जातात, तिथे कोणी बघत नाही.

रिमवरचा क्रोम मला भडक वाटला. ब्लीचमध्ये बुडवला की तो निघून जातो, तसा काढला आणि रिमला हलका चंदेरी रंग दिला. हे लक्षात ठेवा.

चौदा महिने लागले. धूळ बसू नये म्हणून ट्रकला पारदर्शक पेटी आणली, खाली काळा प्लॅस्टिकचा तळ. शोभून दिसत होता. नऊ वर्षं ती पेटी मी उघडली नाही.

मग धाकट्या दिरांना फोटो हवा होता, ऑफिसात कोणाला तरी दाखवायला. मी पेटीचं झाकण काढलं, दोन्ही हातांनी चासीला धरून ट्रक उचलला. ट्रक वर आला. पुढची चाकं आली नाहीत.

आवाज अगदी लहान झाला, काडी मोडावी तसा. पुढचा एक्सेल पाट्यांसकट तळावर उभा होता. मला पहिल्यांदा वाटलं, चुकून डिंक ओघळला असेल. मागच्या आठ टायरांपैकी पाच तळात रुतलेले होते, तीन माझ्याबरोबर वर आले होते. त्या तिघांतल्या एकाला बोट लावलं तर आतला रिम ओल्या साबणासारखा दबला. तळावर दहा गोल खळगे होते, टायरची नक्षी त्यात स्वच्छ उमटलेली. एवढी सुबक नक्षी मी मुद्दाम कोरली असती तरी जमली नसती.

झालं होतं ते असं. जुन्या किटचे टायर पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरीनला लागला की त्यात शिरून त्याला मऊ करतो. बाकी सगळं किट पॉलिस्टायरीनचं. भाग चिकटवायचं आमचं पातळ 'सिमेंट'सुद्धा पॉलिस्टायरीनच्या याच गुणावर चालतं. दोन कडा जराशा विरघळतात आणि एक होतात. ज्या गुणामुळे हा ट्रक उभा राहिला त्याच गुणाने तो खालून खाल्ला गेला, पेटीत, माझ्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. नवशिक्यांना मीच सांगत आलेय, जुनी खोकी आणली की टायर आधी वेगळ्या पिशवीत काढा, नाहीतर गाडीच्या प्लॅस्टिकच्या काचांना लागून त्या जातील. रिमला रंग दिलाय, तेवढं पुरेल असं मी धरून चालले होते. तो क्रोम काढला नसता तर? यावर मी अजूनही रात्री वाद घालते, आणि दोन्ही बाजूंनी मीच.

दीर शेजारी उभे होते. घाबरले होते, आपण फोटो मागितला म्हणून झालं असं त्यांना वाटत होतं. समजूत घालायला म्हणाले, "वहिनी, जाऊ दे ना. पुन्हा बनवा. तुम्हीच म्हणता, बनवण्यातच मजा आहे."

टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाले. मी फडकं आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

हिशोबाने त्यांचं चोख होतं. मजा बनवण्यात असेल तर ती मला चौदा महिने पुरेपूर मिळाली होती, रात्रीच्या दोन वाजताचीसुद्धा. ती काही टायरांनी परत घेतली नव्हती. मग रडायला काय झालं? अठरा वर्षं लोकांना जे सांगितलं ते खोटं होतं, की त्या दिवसाचं रडू खोटं होतं?

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, बाई, तो मोह आहे, प्लॅस्टिकचा आहे, सोड. तिला मला विचारायचंय की मग नऊ वर्षं पेटी का नाही उघडलीस? मोह नव्हता तर दर रविवारी काच का पुसत होतीस? ती गप्प बसत नाही, तिचंही म्हणणं आहे. ती म्हणते, तुला ट्रकचं दुःख नाही, नाक लावून बघणाऱ्यांचं आहे. यात तथ्य आहे. पाहुण्यांच्या प्रश्नाने मी चिडते, पण कोणी कपाटाकडे न बघता सरळ सोफ्यावर जाऊन बसलं तर त्याहून जास्त चिडते. तरीही, त्या पोटाखालच्या तांब्याच्या तारा? त्या तर मी कोणाला दाखवल्याच नव्हत्या. एक्सेल तुटून चासी उलटी झाली तेव्हा दिरांनी त्या पाहिल्या, आणि माझ्याशिवाय त्या पाहणारे ते पहिलेच. "हे पण केलं होतंत?" असं त्यांनी विचारल्याचं आठवतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

तेच किट मी शोधून पुन्हा आणलं. बत्तिसावं खोकं. उघडलं ते फक्त टायर काढून घ्यायला. आता करायचं तर रिमभोवती आधी फॉइल गुंडाळायचं, मग टायर चढवायचा, आणि तळ लाकडाचा घ्यायचा. सगळं पाठ आहे. चासीच्या पट्ट्या काढून पाहिल्या, याही पिळलेल्या आहेत. परत आत ठेवल्या. दीर अधूनमधून विचारतात, "सुरू केलात का?" त्यांना "बघू" म्हणते.

जुन्या ट्रकचे दहाही टायर मी सोडवून काचेच्या बरणीत ठेवले. त्यांना काहीही झालेलं नाही. काळेभोर, मऊ, नव्यासारखे.

ट्रक पुन्हा कपाटात आहे, चाकांच्या जागी चार लाकडी ठोकळे लावून, गॅरेजमध्ये चढवलेला असतो तसा. आणि गंमत अशी की त्याच्यापुढे उभं राहून "तयार मिळतात की" असं कोणी म्हणत नाही. परवा एक बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "छान झालाय. चाकं बसवायची राहिलीत वाटतं?"

मी "हो" म्हणाले.