एका खोलीतला सिनेमा

हिंदी शॉर्ट फिल्म सुरू झाली की बहुतेक वेळा पहिल्या मिनिटातच दाराची बेल वाजते, नाहीतर कुकरची शिट्टी होते. चला, म्हणजे गोष्ट घरातच घडणार. यामागे कलेपेक्षा हिशेब मोठा असतो. शूटिंगला मिळतात जेमतेम दोन-तीन दिवस. जागा बदलायची म्हणजे लाइट उतरवा, टेम्पोत भरा, पुन्हा लावा. त्यात अर्धा दिवस गेलाच. मग कुणाचा तरी फ्लॅट मागून आणायचा आणि गोष्ट त्याच्या मापाने बेतायची.

या अडचणीनेच या फिल्मना त्यांची चव दिली. नीरज घायवानच्या 'ज्यूस'मध्ये (2017) बाहेरच्या खोलीत पुरुष, गप्पा आणि कूलर. आत बायका आणि स्वयंपाकघराची धग. घराचा नकाशा हीच पटकथा. शेवटी शेफाली शाह ज्यूसचा ग्लास घेऊन कूलरसमोर खुर्चीत बसते, नवऱ्याकडे बघत राहते आणि चकार शब्द बोलत नाही. प्रियांका बॅनर्जीच्या 'देवी'त (2020) नऊ जणी एका खोलीत, आणि वेळ साधारण तेरा मिनिटं. ओळखपाळख करून द्यायला सवड कुठली? एकीच्या हातात अगरबत्ती, दुसरीपुढे अभ्यासाचं पुस्तक, तिसरीकडे दारूची बाटली, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव. झाली ओळख!

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब. पंधरा मिनिटांच्या फिल्मसाठी पंचवीस पानं लिहून आणली की पहिली कात्री भूतकाळ समजावणाऱ्या फोन-कॉलवर चालवावी. 'तुला आठवतंय ना, बाबा गेले तेव्हा...' असं खऱ्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र राहतं घर भलतंच त्रासदायक. सिंक साउंड, म्हणजे शूटिंग चालू असतानाच आवाज, घेताना फ्रिजची घरघर प्रत्येक संवादाखाली येऊन बसते. एका टेकला कॉम्प्रेसर चालू, दुसऱ्याला बंद. दोन्ही शॉट जोडले की मधेच आवाज तुटल्यासारखा वाटतो. म्हणून फ्रिज बंद करतात. पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. पंखाही बंद, त्यामुळे नटाचा घाम दर टेकला टिपावा लागतो. (गोष्टच उकाड्याची असेल तर तो फुकटात मिळतो.) निघण्याआधी सगळ्यांनी तीसेक सेकंद गप्प उभं राहायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. हा रूम टोन. नवशिके घाईत नेमका हाच गाळतात. मग संकलनात दोन वाक्यांमध्ये पोकळ खड्डा पडतो, आणि तो बुजवायला येतो पियानो. शॉर्ट फिल्ममधल्या उदास पियानोचा निम्मा उगम भावनेत नसून या खड्ड्यात असावा, असा दाट संशय आहे.

दुसरी खोड शेवटच्या धक्क्याची. त्याची परीक्षा सोपी आहे: फिल्म लगेच पुन्हा बघावी. ज्योती कपूर दासच्या 'चटनी'त (2016) टिस्का चोप्रा पकोडे पुढे करत किस्सा सांगते. शेवट माहीत झाल्यावर तीच चटणीची वाटी बघवत नाही, म्हणजे धक्का आधीपासून पेरलेला होता. न पेरलेला धक्का दुसऱ्यांदा बघताना नुसता लपवाछपवीचा खेळ वाटतो. आणि काळ्या पडद्यावर आकडेवारी झळकवून संपणाऱ्या फिल्मचा तर आपल्याच गोष्टीवर विश्वास नसतो.

या फिल्म आपण बघतो मात्र फोनवर. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतला आवाज जवळजवळ येतच नाही. कूलरची घरघर, भिंतीपलीकडची कुजबुज, दूरचा रस्ता, म्हणजे खोलीला खोली करणारं सगळंच गळून जातं आणि उरतात संवाद. 'ज्यूस' तरी निदान इयरफोन लावून बघावी.