बीअरचं पातेलं, ड्रायरचं सॉकेट आणि दादरचा काका

इथे शिकागोजवळ घरी बीअर बनवायला हरकत नाही, १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरात दोन मोठी माणसं असली की वर्षाला २०० गॅलन, म्हणजे जवळजवळ ७५७ लिटर चालतं, विकायची मात्र नाही. एवढी पिणार कोण ते सोडा.

आमचं बीअर उकळायचं स्टीलचं पातेलं प्रोपेन गॅसच्या शेगडीवर चालायचं आणि ती बंद जागेत लावायची नसते, कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, म्हणजे जानेवारीत बर्फात उभं राहून तासभर उकळी बघत बसायचं. वैतागून यंदा ते इलेक्ट्रिक केलं.

दादरचा काका म्हणाला, त्यात काय एवढं, गिझरची कॉइल टाक आणि प्लग लाव. मुंबईत बरोबरच आहे ते, तिथे प्रत्येक पॉइंटला २३० व्होल्ट, मोठ्या १६ अँपियरच्या पॉइंटवर २००० वॉटचा गिझर आरामात चालतो. इथे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, त्यातून सलग ओढायचे तर १५०० वॉटच्या आसपासच. ३० लिटर पाणी १५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण ३ युनिट लागतात, म्हणजे दोन तास, तेही वाटेत काही वाया जात नाही असं धरून. एवढा श्रीमंत देश आणि चहाची किटली मुंबईपेक्षा हळू!

पण घरात २४० येतंच, कपडे वाळवायच्या ड्रायरसाठी ३० अँपियरचं चार पिनांचं दांडगं सॉकेट असतं. तिथे ५५०० वॉटचं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, लावलं, ते २३ अँपियर घेतं आणि अर्ध्या तासात उकळी. एलिमेंट मात्र लांब, दुमडलेलं, कमी वॉट डेन्सिटीचं, म्हणजे उष्णता जास्त पृष्ठभागावर पसरणारं घ्यायचं, नाहीतर माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी त्याला चिकटून करपतं आणि सगळ्या बीअरला जळका वास. एलिमेंट बसवायला पातेल्याला भोक पाडायचं तर स्टेप बिट (पायऱ्या-पायऱ्यांचं, टोकाला निमुळतं), ड्रिल हळू आणि वर तेल सोडत राहायचं, घाई केली की स्टील तापून आणखी कडक होतं आणि बिट बाद.

पैसे वाचवायचे तर उष्णता कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरमध्ये वाचवा, सेफ्टीत नको. पातेल्याला अर्थिंग हवंच. करंट गळला की वीज तोडणाऱ्या मुंबईतल्या घरच्या आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपियरच्या, त्याच कामाचा इथला जीएफसीआय ५ च्या आसपासच ट्रिप होतो, ओल्या हाताने पळी ढवळणाऱ्या माणसाला तो पाहिजेच. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. आणि एलिमेंट पाण्याखाली बुडल्याशिवाय स्विच नाही, कोरडं चालू केलं तर जळलंच समजा.

पार्ल्याचा भाऊ विचारतो, आपल्याकडे होईल का. अरे एलिमेंट लोहार चाळीत मिळेल, पण महाराष्ट्रात लायसन्सशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तू आपला पबमध्येच जा.

आता भानगड वाफेची. तासाभरात तीन-चार लिटर पाणी उडतं, ते सगळं बेसमेंटच्या छताला, आणि बायको म्हणते घरभर उकडलेल्या धान्याचा वास येतो. या वीकेंडला एक्झॉस्ट फॅन आणि डक्ट बघायला जायचंय.