जुन्या संगणकावर प्रोग्रॅमिंग करायचे तर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम?

‘जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, तर सर्वांत हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकू?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझे उत्तर असे आहे की प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम किमान २ जीबी असेल, तर डेबियन ही लिनक्स सिस्टीम घ्यावी आणि तिच्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप (खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग) ठेवावा. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण त्यांना पपी लिनक्स किंवा टायनी कोअर या अगदी छोट्या लिनक्स सिस्टीमची नावे अपेक्षित असतात. म्हणून कारणे जरा सविस्तर मांडतो.

आधी रॅम नेमकी कुठे खर्च होते ते पाहू. आइसडब्ल्यूएमसारखा अगदी साधा विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या हाताळणारा प्रोग्रॅम) असलेली सिस्टीम सुरू झाल्यावर साधारण दोनअडीचशे एमबी घेते आणि एलएक्सक्यूटी असलेली डेबियन चारपाचशेच्या आसपास जाते. म्हणजे फरक फार तर तीनशे एमबीचा. उलट, संदर्भासाठी ब्राउझरमध्ये चारपाच पाने उघडली की एक जीबी सहज संपतो. कंपायलरचे, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणाऱ्या साधनाचे, तर विचारूच नका. टेम्प्लेट्सचा सढळ वापर असलेली सी++ची एकच फाइल कंपाइल होताना कित्येक शे एमबी, प्रसंगी त्याहूनही जास्त, रॅम घेते, आणि आपण सवयीने ‘मेक’ या प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाला चार कामे एकदम करायला सांगितलेली असतात. मग टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसीवनप्लस’ अशी ओळ येते आणि नवशिका आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. कोडमध्ये काहीही चुकलेले नसते. रॅम संपल्यामुळे कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) ती प्रक्रिया मारलेली असते. अशा वेळी एका वेळी एकच काम चालवणे आणि झेडरॅम सुरू करणे हे उपाय लागू पडतात. झेडरॅम रॅममधलीच माहिती कमी जागेत मावेल अशी कॉम्प्रेस करून ठेवते आणि ती २०१४पासून लिनक्स कर्नलचा रीतसर भाग आहे. २ जीबीच्या यंत्रावर तिचा लाभ डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला सतत नवी साधने, लायब्रऱ्या आणि पॅकेजेस लागतात, त्यामुळे सिस्टीमचा आकार किती लहान आहे यापेक्षा तिच्यावर या गोष्टी तयार अवस्थेत मिळतात की नाही याला जास्त किंमत आहे. अल्पाइन लिनक्स ही उत्तम आणि खरोखर हलकी सिस्टीम आहे. पण तिच्यात बहुतेक लिनक्सवर असणाऱ्या ग्लिबसीऐवजी मसल ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी असते आणि ग्लिबसी गृहीत धरून बांधलेले तयार प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत. पायथनचे एखादे पॅकेज मसलसाठी तयार मिळाले नाही, की पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) ते मूळ कोडपासून बांधायला घेतो, आणि जे काम डेबियनवर मिनिटभरात उरकले असते त्यासाठी जुना प्रोसेसर तासन्‌तास राबतो. सिस्टीम हलकी निवडली आणि काम मात्र जड झाले, अशी ही अवस्था आहे. पपीचा प्रश्न वेगळा आहे. पारंपरिक पपीमध्ये वापरणारा थेट रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच काम करतो, आणि फाइलींची मालकी व परवानग्या समजून घेण्याच्या काळात ही सवय लागू नये असे माझे ठाम मत आहे. टायनी कोअर दोनेक डझन एमबीत मावते, हे कौतुकास्पदच आहे. पण तिच्यात बॅकअपच्या यादीत न घातलेले बदल पुन्हा सुरू करताना नाहीसे होऊ शकतात, आणि रोजच्या कामाला तो जाच होतो.

तिसरी बाब प्रोसेसरची. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की प्रोसेसर ६४ बिट चालवतो की नाही ते पहिल्या काही ओळींतच कळते. ३२ बिटचे विंडोज असलेल्या कित्येक यंत्रांत प्रत्यक्षात कोअर २ ड्युओसारखा ६४ बिटचा प्रोसेसर असतो, म्हणून जुन्या सिस्टीमवरून अंदाज बांधू नये. मात्र ६४ बिट एवढ्यानेही सर्वत्र भागत नाही. २०२२मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ला प्रोसेसरच्या ज्या सूचना लागतात, त्या सगळ्या कोअर २ ड्युओमध्ये नाहीत, आणि २०२५च्या १०व्या आवृत्तीची अट त्याहून कडक आहे. मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स हा सूचनांचा संच लागतो. डेबियनची ६४ बिट आवृत्ती मात्र अजूनही पहिल्या पिढीच्या ६४ बिट प्रोसेसरवर चालते, आणि जुन्या यंत्रासाठी तिची शिफारस करण्याचे हे मोठे कारण आहे.

स्थापनेच्या वेळी डेस्कटॉपची यादी समोर येते. तिथे गनोम या जड डेस्कटॉपवरची खूण काढावी आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीवर करावी. हलकेपणा मुख्यतः या एका पडद्यावर ठरतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. एडिटर म्हणून जीनी किंवा व्हिम पुरेसा आहे. व्हीएस कोड चांगलाच आहे, पण तो क्रोमियम या ब्राउझरच्या पायावर उभा असल्यामुळे त्याच्यासोबत जवळपास आणखी एक ब्राउझर चालतो.

प्रोसेसर ३२ बिटचाच निघाला, उदाहरणार्थ जुन्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७०, तर उत्तर बदलते. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलर नाही. त्यामुळे डेबियन १२, जिला दीर्घकालीन आधार जून २०२८पर्यंत आहे, किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ घ्यावी. १ जीबी रॅमच्या यंत्रावर मी अँटीएक्सच सुचवतो. ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६मध्ये थांबले, फायरफॉक्सची १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती ठरली, आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचे अधिकृत तयार प्रोग्रॅम १०व्या आवृत्तीपासून मिळत नाहीत. त्यामुळे अशा यंत्रावर आधुनिक वेब प्रोग्रॅमिंगचा हट्ट धरू नये. सी, पायथन, शेल, एसक्यूलाइट आणि गिट मात्र तिथे काहीही कमी न पडता शिकता येतात.