हॅरीचं हरीण आणि आमचा राखणदार

हॅरी पॉटर म्हटलं की बहुतेकांना आधी झाडू आठवतो नाहीतर क्विडिच, मला कायम पॅट्रोनस आठवतो. तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे १९९९ ला आलेल्या, ते डिमेंटर पहिल्यांदा येतात, माणसाच्या आत जेवढा म्हणून आनंद आहे तो सगळा ओढून घेतात, आणि त्यांना परतवायला मंत्र एकच, तो म्हणताना आपली सगळ्यात आनंदाची आठवण मनात घट्ट धरून ठेवायची. जमलं तर छडीतून एक चंदेरी जनावर निघतं आणि तुमच्या नि त्या काळोखाच्या मधे उभं राहतं, तोच पॅट्रोनस.

आता नेटवर "तुमचा पॅट्रोनस कोणता" अशा क्विझ भरपूर आहेत आणि लोक ते राशीसारखं घेतात, म्हणजे माझा लांडगा आला म्हणजे मी डेरिंगबाज, माझा ससा आला म्हणजे मी भित्रा वगैरे. मला हे पटत नाही. आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं, राखणदार, म्हणजे जागा राखणारा देव, हा शब्द ऐकतच मोठे झालो, त्यामुळे असेल कदाचित, पण मला पॅट्रोनस बघितला की पहिला प्रश्न पडतो की हा कोणाकडून आला.

हॅरीचंच घ्या. त्याचा पॅट्रोनस शिंगांचं हरीण, आणि त्याचे वडील जेम्स त्याच हरणाचं रूप घ्यायचे. पण जेम्सने ते रूप मुळात घेतलं कशासाठी? तर मित्रासाठी. ल्युपिन पौर्णिमेला वेअरवुल्फ व्हायचा, माणूस जवळ गेला तर चावणार, जनावर गेलं तर त्याला धोका नाही, म्हणून शाळेतल्या तीन पोरांनी चोरून जनावर व्हायची विद्या शिकली, आणि त्यातले जेम्स आणि सिरियस एवढी मोठी जनावरं व्हायचे की वेअरवुल्फलाही आवरून धरतील. म्हणजे ते हरीण पहिल्यापासूनच राखणीला उभं होतं, आधी मित्राच्या आणि बाप गेल्यावर मुलाच्या. आणि गंमत बघा, हॅरीला हा मंत्र शिकवतो कोण, तर तोच ल्युपिन! तळ्याकाठच्या सीनमध्ये जादूने काही तास मागे गेलेल्या हॅरीला वाटत असतं की समोरून बाबा येऊन वाचवणार, तो वाट बघत राहतो, कोणीच येत नाही, मग कळतं की आधी पलीकडे दिसलेला तो मीच होतो, आणि मग तो मंत्र म्हणतो. हे वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, कितीही वेळा वाचलं तरी.

आमच्याकडे राखणदार हा जागेचा असतो. गावाचा वेगळा, बागेचा वेगळा, घराचा वेगळा. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, कोंबडा नाहीतर नारळ जी ज्याची पद्धत असेल तशी, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. घराच्या जोत्यात जुनं जनावर दिसलं (रात्री साप हा शब्द आमच्याकडे कोण काढत नाही) तर म्हातारी माणसं पोरांना दटावतात, "मारू नको रे, राखणदार आसा तो". आणि बऱ्याचदा ती धामण असते, भाताच्या कणगीभोवतीचे उंदीर खाणारी, म्हणजे राखण ती खरोखरच करत असते.

मग दोन्हीत फरक काय, तर पॅट्रोनस माणसाला चिकटलेला आणि राखणदार जमिनीला. तरी मला दोघं एका घरातले वाटतात, कारण दोघांनाही तुम्ही पाळू शकत नाही. पॅट्रोनस कुठला यावा हे आपण निवडायचं नसतं, आणि तो बदलतो तेही न विचारता, टॉन्क्स नावाच्या जादूगारणीचा तो ल्युपिनच्या प्रेमात पडल्यावर लांडग्यासारखा झाला आणि त्यावरून शाळेतल्या स्नेप मास्तरने तिला टोमणाही मारला. ज्या स्नेपची स्वतःची हरिणी आयुष्यभर लिलीचीच, म्हणजे त्याचं प्रेम होतं त्या हॅरीच्या आईचीच राहिली! शेवटच्या पुस्तकात हीच हरिणी बर्फातल्या जंगलात हॅरीच्या पुढे पुढे चालते, एक शब्द बोलत नाही, तिला कोणी पाठवलं त्याला माहीत नाही, तरी तो तिच्या मागे जातो आणि त्याला तलवार सापडते. आता हे कोकणातल्या कोणालाही सांगा, तो लगेच म्हणेल की हा तर देवचार. रात्री वाट चुकलेल्याच्या पुढे काठी आपटत चालणारा आणि घराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, सोडून जाणारा, अशा गोष्टी आमच्याकडे घरोघरी आहेत.

राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर एक कातळशिल्प आहे, मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ झेपावलेले. २०२२ मध्ये इथली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याचा फोटो बघितला की मला वाटतं, माणसाच्या बाजूला जनावर उभं करायची ही ओढ पुस्तकांच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती चित्रं कोरली ती आपल्याच जांभ्यावर.

हॅरीच्या मैत्रिणीचं, हर्मायनीचं पाणमांजर मला स्पेशल आवडतं कारण ते आमच्या खाड्यांमध्ये खरं आहे, कळपाने फिरतं, मासे पळवतं म्हणून जाळंवाले वैतागतात पण खेळताना दिसलं की तेच थांबून बघतात. एवढ्या अभ्यासू, कायम टेन्शनमध्ये असणाऱ्या मुलीच्या आनंदाला हे खेळकर रूप मिळणं किती बरोबर आहे.

पण एक गोष्ट मला पुस्तकात टोचते. जादूच्या मंत्रालयातल्या त्या दुष्ट अम्ब्रिजलाही पॅट्रोनस जमतो. मांजर. कोर्टात समोर निरपराध माणसांना बसवून ती त्यांचा छळ करते, डिमेंटर आजूबाजूला, आणि तिची चंदेरी मांजर फक्त तिला ऊब देत फिरते, कारण तिला त्या कामात खरंच आनंद होतो. लेखिकेने हे लपवलं नाही याचं मला फार कौतुक आहे, कारण सोपं होतं असं लिहिणं की वाईट माणसाला हा मंत्र जमतच नाही. म्हणजे नुसत्या आनंदाने आलेलं रक्षण कोणाच्याही बाजूने उभं राहू शकतं.

इथे मला आमचा राखणदार जास्त पटतो. तो तुमच्या आनंदाकडे बघत नाही, वागण्याकडे बघतो. देवराईतली फांदी तोडलीस, दिलेला शब्द मोडलास, सीमेचा दगड सरकवलास, तर तो ज्याचं राखतो त्यालाच धरतो, मग तो गावचा मानकरी असो नाहीतर कोण. ह्याच भीतीने आमच्या कित्येक देवरायांमधली जुनी झाडं उभी राहिली आणि त्यांच्या ढोल्यांमध्ये धनेश पक्षी घरटी करतात, मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. अम्ब्रिजच्या त्या कोर्टात मांजरीच्या जागी एखादा राखणदार असता तर त्याने पहिलं तिलाच उठवलं असतं.