रणगाड्यांचा संसार

रणगाड्यांच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की लोकांना तोफा, स्फोट, धूर असलं काहीतरी आठवतं. मला विटा आठवतात. तांबड्या, एकावर एक रचलेल्या, गोळा लागला की थराथराने उडणाऱ्या विटा. आणि पडद्याच्या तळाशी, मधोमध, त्या विटांच्या इवल्याशा कुंपणात बसलेला एक पक्षी.

हा गेम नामको कंपनीने १९८५ साली जपानात काढला. नाव 'बॅटल सिटी'. आमच्याकडे हे नाव कुणाच्या गावीही नव्हतं. नाशिकरोडला जो व्हिडिओ गेम मिळायचा तो जपानी यंत्राची नक्कल असायचा, आणि त्यासोबतच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असं बिनदिक्कत छापलेलं असायचं. यादीची दोन-तीन पानं उलटली की तेच ते गेम नाव बदलून परत यायला लागत. पण काही असो, टँक त्यात असायचाच. खेळायला आलेलं पोरगं चप्पल काढता काढताच म्हणायचं, "टँक लाव ना भो."

पडद्यावर तीन ओळी यायच्या: वन प्लेअर, टू प्लेअर्स, कन्स्ट्रक्शन. पहिली ओळ फक्त एकटं पोर सुट्टीत कंटाळलं तर. एरवी दुसरीच. एकाचा रणगाडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. वरच्या बाजूने तीन ठिकाणांहून शत्रूचे रणगाडे उतरत, एका फेरीत २०, आणि उजवीकडच्या पट्टीत ते बारीक खुणांनी मांडलेले असत, म्हणजे किती उरले ते कळावं. अशा ३५ फेऱ्या. काही रणगाडे एका गोळ्यात जात, काही भुर्रकन पळत, आणि जे जाड चिलखती ते चार गोळ्या खाल्ल्याशिवाय हलत नसत.

तो तळाचा पक्षी म्हणजे गरुड, असं फार उशिरा वाचलं. जेलरोडच्या आमच्या सोसायटीत ती कोंबडी होती. कोंबडी फुटली की गेम ओव्हर, मग तुमचे कितीही रणगाडे शिल्लक असोत. आणि खरी मेख अशी की ती शत्रूच्याच गोळ्याने फुटायला हवी असं काही नव्हतं. घाईघाईत खाली तोंड करून तुम्हीच बटण दाबलंत तरी विटा उडायच्या, आणि पुढच्या गोळ्याला कोंबडी. मग मागे बसलेल्या सगळ्यांची बोलणी.

त्यामुळे दोघांत वाटणी ठरलेली असायची. मोठा वर जाऊन लढणार, धाकटा कोंबडीपाशी थांबणार. धाकट्याला ते मुळीच पटायचं नाही. तोही हळूहळू वर सरकायचा, मग मोठा चिडून त्याच्यावरच गोळी झाडायचा. जोडीदाराची गोळी लागली की रणगाडा मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी लुकलुकत थिजतो. हे ज्याला सुचलं त्या नामकोवाल्या माणसाच्या घरी सख्खी भावंडं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तेवढ्या वेळात शत्रू डावीकडच्या गल्लीतून सुखाने खाली यायचा. आमच्याकडे भाजी निवडत बसलेली आजी पडद्याकडे न बघताच म्हणायची, "मेल्यांनो, लढायला दोघं गेलात, घराशी कोण?"

मधूनच लाल लुकलुकणारा रणगाडा यायचा. तो फोडला की बक्षीस. चांदणी घेतली की गोळा वेगाने सुटतो, दुसऱ्या चांदणीला एकदम दोन, तिसरीला पोलादी भिंतसुद्धा फुटते. बॉम्ब घेतला की पडद्यावरचे सगळे शत्रू खलास. घड्याळाने ते थिजतात, हेल्मेटने थोडा वेळ अभय. आणि फावडं. फावडं घेतलं की कोंबडीभोवतीच्या पडक्या विटांच्या जागी काही सेकंद पोलादी भिंत उभी राहते, आणि ती गेल्यावर मागे कोऱ्या विटांचं कुंपण राहतं. पोरं चांदणीसाठी जीव टाकायची, पण मला त्या सबंध गेममधली सगळ्यात मोठी कल्पना फावडंच वाटते. युद्धाच्या खेळात बक्षीस म्हणून गवंड्याचं हत्यार!

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळचे रणगाड्यांचे जे गेम खरोखर चांगले होते, ते लढाईचे नव्हतेच. ते संसाराचे होते.

त्याआधीचे गेम बघा. १९७४ चा 'टँक', १९७७ चा अटारी कंपनीचा 'कॉम्बॅट': एक मैदान, दोन रणगाडे, मार की मर. १९८० चा 'बॅटलझोन' तर दिसायला अफलातून. हिरव्या रेघांची दुनिया, लांब डोंगर, त्यात एक ज्वालामुखी, आणि तुम्ही रणगाड्याच्या आतून बाहेर बघताय. तो बघून अमेरिकन लष्कराने त्यावरून सैनिकांच्या सरावासाठी वेगळी आवृत्ती मागितली. गेम करणाऱ्या एड रॉटबर्गला हे काम मनापासून पटलेलं नव्हतं, तरी त्याला ते करावं लागलं. हे सगळं मी पुढे एमुलेटरवर, म्हणजे जुने गेम आजच्या कंप्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळून पाहिलं. छान वाटलं, पण पाय गुंतला नाही. राखायला काही नव्हतं ना.

आता लष्कराचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की नाशिकरोडच्या माणसाला तोफेचं अप्रूप जरा कमीच. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय, इकडे नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. सरावाच्या दिवशी लांबून धुम्म असा आवाज येतो, खिडकीची सैल काच थरथरते, आणि घरातलं माणूस मान वर न करता म्हणतं, "फायरिंग चालूये." पाहुणे मात्र दचकतात.

आमच्या सोसायटीत तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार काका होते. कंप्युटर आल्यावर आम्ही 'स्कॉर्च्ड अर्थ' खेळायचो. वेन्डेल हिकेनने १९९१ मध्ये केलेला, डॉस या जुन्या कंप्युटर प्रणालीवरचा. डोंगरदऱ्यांच्या एका आडव्या चित्रात इकडेतिकडे रणगाडे, एकेकाने पाळीपाळीने कोन आणि जोर ठरवून गोळा सोडायचा, वर वाऱ्याचा हिशेब वेगळा. (नंतर २००१ मध्ये आलेला 'पॉकेट टँक्स' याच घराण्यातला, तो जास्त पोरांना माहीत असेल.) एकदा काका वर्गणी मागायला आले आणि पावती पुस्तक काखेत धरून मागे उभे राहिले. माझा गोळा डोंगरापलीकडे पडला. मी जोर चिमूटभर कमी केला. परत पलीकडे. परत चिमूटभर.

"असं काय करतोस लेका? असा तर दिवाळीपर्यंत बसशील," काका म्हणाले. "पहिला पुढं पडला ना? आता दुसरा मुद्दाम मागं टाक. मग शत्रू दोघांच्या मधे सापडला. आता ते अंतर निम्मं कर. परत निम्मं कर. तोफ डोळ्यांनी चालवत नाहीत, ती हिशेबाने चालवतात."

चौथ्या गोळ्याला समोरचा गेला. काकांनी वर्गणीही जास्तीची घेतली. पुढे कळलं की ही तोफखान्याची जुनी, रीतसर पद्धत आहे. निशाणा दिसत नसतो, पुढे बसलेला निरीक्षक सांगतो, आणि दोन गोळ्यांच्या मधे लक्ष्य पकडून अंतर निम्मं निम्मं करत आणतात.

'स्कॉर्च्ड अर्थ'मध्येही दोन फेऱ्यांच्या मधे बाजार भरायचाच. पैसे मोजून अस्त्रं घ्यायची, ढाल घ्यायची, आणि पॅराशूट घ्यायचं. रणगाड्याला पॅराशूट कशाला, तर गोळ्यांनी तुमच्या पायाखालची जमीन उकरली जाते आणि रणगाडा वरून खाली आदळतो. सगळे पैसे मोठ्या बॉम्बवर उधळणारा गडी बहुतेक वेळा असा आदळूनच मरायचा.

पण संसार खरा सुरू झाला तो वेस्टवुड या कंपनीच्या गेमांनी. १९९२ च्या 'ड्यून टू'मध्ये इमारत बांधायच्या आधी खाली काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. नाही टाकला तरी इमारत उभी राहते, पण पहिल्या दिवसापासून कमकुवत, आणि आपसूक ढासळत जाते. युद्धाच्या खेळात पाया भरणीची चिंता! नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत प्लॉट घेतलेल्या कुणालाही हा गेम अर्ध्या तासात समजला असता.

मग १९९६ चा 'रेड अलर्ट'. गोष्ट अशी की आइन्स्टाइन भूतकाळात जाऊन हिटलरला नाहीसा करतो, आणि मग युरोपला सोव्हिएत रणगाड्यांना तोंड द्यावं लागतं. गोष्ट बाजूला ठेवा, भाव बघा. सोव्हिएतांचा हेवी टँक ९५० ला. खनिज गोळा करून आणणारा ट्रक १४०० ला. म्हणजे लढणाऱ्यापेक्षा कमावून आणणारा महाग. रिफायनरी २००० ला, तिच्याबरोबर एक ट्रक फुकट. दोन नळ्यांचा तो प्रसिद्ध मॅमथ टँक १७०० ला. पॉवर प्लांट ३०० ला, आणि गेम शिकलेला कोण न शिकलेला कोण, हे त्या ३०० वरूनच कळायचं.

नाशिकरोडच्या बिटको चौकाजवळ वरच्या मजल्यावर एक सायबर कॅफे होता, तिथे आम्ही लॅनवर, म्हणजे कॅफेतले कंप्युटर एकमेकांना जोडून, हे खेळायचो. माझा एक मित्र सुरुवातीचे सगळे पैसे रणगाड्यांवर घालायचा. त्याच्या कंप्युटरमधला माणूस सारखा 'इनसफिशियंट फंड्स' म्हणायचा, आणि ते सगळ्या कॅफेला ऐकू जायचं. मी ट्रक वाढवत बसायचो. तो हसायचा, "काय भो, टेम्पोचा धंदा टाकतो का?" आणि मग तो 'लो पॉवर'. वीज कमी पडली की रडार बंद, कारखान्याचा वेग मंद, आणि शत्रूवर वीज फेकणारे टेस्ला कॉइल नुसते खांबासारखे उभे. भारनियमनाच्या दिवसांत तर मजाच व्हायची. गेममधला माणूस 'लो पॉवर' म्हणायचा आणि त्याच मिनिटाला खरी वीज जायची. सगळे यूपीएस एका सुरात कोकलायला लागत, आणि कॅफेवाला दादा काउंटरवरून ओरडायचा, "बंद करा, बंद करा, पाच मिनिटं टिकतंय फक्त!" कुठलीच लढाई निकाली निघायची नाही. त्या उन्हाळ्यात नाशिकरोडला सोव्हिएत जिंकले की युरोप, हे इतिहासाला कळणार नाही.

'पॅन्झर जनरल'ही एका मामेभावाकडे पाहिला होता, १९९४ चा, षटकोनी घरांचा, पाळीपाळीने खेळायचा. डोक्याला खुराक उत्तम. पण त्यात आपण जर्मन सेनापती असतो, आणि पोलंडपासून सुरुवात. सोळाव्या वर्षी त्याचं काही वाटलं नाही. आता तो गेम लावावासा वाटत नाही.

खरा रणगाडा बघायचा तर नाशिककराला नगरची वाट धरावी लागते. तिथे चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला विजयंता आहे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पॅटन आहेत. भाचीला घेऊन गेलो होतो. तिने फोनवर जुना टँक खेळून पाहिलेला असल्यामुळे ती एकेका रणगाड्याला वळसा घालून 'याला किती गोळ्या लागतात' एवढंच विचारत होती. मी बाहेरच्या अंगाला फावडं, कुदळ, साखळीच्या जादा कड्या अडकवायच्या जागा बघत होतो. रणगाड्याबरोबर फावडं लागतंच. खड्डा खणून आडोसा करायला लागतं, चिखलातून निघायला लागतं. नामकोवाल्यांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

हीच भाची कन्स्ट्रक्शनवाली ओळ वापरते. आमच्यातल्या कुणी तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी कोंबडीच्या चहूबाजूंनी पोलाद ठोकलं, त्याच्या बाहेर पाणी सोडलं, आणि स्वतः कोपऱ्यातल्या झाडीत जाऊन बसली. शत्रू वर-खाली हिंडताहेत, पाण्यावरून पोलादावर गोळ्या झाडताहेत, कोंबडीला काही होत नाही. ही चिटिंग आहे की चांगला बंदोबस्त, यावर घरात अजून एकमत नाही. आजी असती तर तिने पोरीच्या बाजूने कौल दिला असता.

२०२० च्या जूनमध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, 'रेड अलर्ट'ची नव्याने रंगवलेली आवृत्ती आली. मूळ वेस्टवुडमधल्याच काही लोकांनी केलेली, आणि इंटरनेटवर समोरासमोर खेळता येते. बिटकोच्या कॅफेतला तो मित्र आणि मी अधूनमधून रविवारी दुपारी बसतो. त्याचं आता अंबडला वर्कशॉप आहे. तिथे एक लेथ घ्यायचा तर तो तीन ठिकाणची कोटेशन मागवतो, हप्ता बसतो का बघतो, वीजबिलाचा अंदाज काढतो. गेम सुरू झाला की हे सगळं शहाणपण एमआयडीसीतच राहतं. परवाही त्याने एकापाठोपाठ एक मॅमथ काढले आणि ती सगळी वरात माझ्या दाराशी आणून उभी केली. मी पाच-सहा हलके रणगाडे मागच्या बाजूने पाठवून त्याचा एकुलता एक ट्रक फोडला. लगेच फोन.

"भो, याला काही लढणं म्हणतात का? समोरून ये ना."

"येतो. आधी सांग, खात्यात किती आहेत?"

"ऐंशी."

"आणि लाइट?"

"तीही गेलीये. आता थांब जरा, हिनं चहाला हाक मारलीये. तोवर काही फोडू नको."