स्क्विडची नोंद, आठवडा तिसरा: अखेर 'हिट' पडला

स्क्विड म्हणजे लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्या मधे बसून फाइली आणून देणारा प्रॉक्सी प्रोग्राम. काल रात्री साडेदहाला त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये (विनंत्यांच्या नोंदवहीत) फायरफॉक्सच्या पॅकेजसमोर (इन्स्टॉल करायच्या फाइलसमोर) 'टीसीपी_हिट' उमटलं, म्हणजे फाइल बाहेरून न आणता साठ्यातून दिली गेली. तीन आठवडे याच ओळीसाठी डोळे लावून बसलो होतो.

मांडणी तीच आहे. विश्रामबागेतल्या घरी रास्पबेरी पाय 4 हा छोटा कंप्युटर (पुढे नुसता 'पाय'), त्यावर स्क्विड, पोर्ट 3128. भाचरांसाठी चार जुने लॅपटॉप लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून उभे करतोय. एकदा उतरवलेलं पॅकेज पुन्हा बाहेरून आणायला लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आईला प्रॉक्सी समजावताना मार्केट यार्डातला अडत्या कामी आला. हळद शेतकऱ्याची, पण व्यापारी बोलतो अडत्याशी. तसा लॅपटॉप पायला सांगतो, पाय सर्व्हरकडून फाइल आणून देतो. सर्व्हर आणि लॅपटॉपची थेट गाठ पडतच नाही. आईने लगेच विचारलं, "मग थोडा माल तो गोदामात ठेवत असेल की!" तेच कॅश.

माझं अडलं होतं ते गोदामातच. छोटी पॅकेजेस कॅशमधून यायची, मोठी दर वेळी 'मिस', म्हणजे पुन्हा बाहेरून. स्क्विड मुळात 4 एमबीपेक्षा मोठी फाइल साठवत नाही, हे कळल्यावर कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइज' 512 एमबी केलं. तरी मिसच! शेवटी सापडलं की ती ओळ मी 'कॅश_डिर'च्या, म्हणजे साठा कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या ओळीच्या, खाली लिहिली होती. स्क्विड कॉन्फिग वरून खाली वाचतो आणि 'कॅश_डिर' वाचताना तोवरची मर्यादा उचलतो. ओळ वर नेली, रीस्टार्ट केलं. फायरफॉक्स उतरवायला पहिल्या लॅपटॉपला 41 सेकंद लागले, दुसऱ्याला 6.

एचटीटीपीएसला, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) जोडणीला, मात्र याचा उपयोग नाही. तिथे लॅपटॉप 'कनेक्ट' म्हणतो आणि पाय शिवलेलं पोतं न उघडता पुढे सरकवतो; लॉगमध्ये फक्त 'टीसीपी_टनेल' आणि साइटचं नाव. मिंटची पॅकेजेस साध्या एचटीटीपीवरून येतात म्हणून साठवता येतात. अस्सलपणाची खात्री एपीटी (मिंटमधलं पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) डिजिटल सहीवरून करतं, त्यामुळे ते सुरक्षितही आहे. प्रत्येक लॅपटॉपवर आपलं सर्टिफिकेट टाकून पोतं उघडायची सोय स्क्विडमध्ये आहे, पण मी ती वापरणार नाही. याच लॅपटॉपवरून ताई बँकेचं काम करते.

आज तिसऱ्यावर लिबरऑफिस. चौथ्याचा कीबोर्ड अजून मिरजेहून यायचाय.